गेम कन्सोलची ताकद कशी ताडावी: कागदावरच्या आकड्यांपासून पडद्यावरच्या फ्रेमपर्यंत

नोव्हेंबर २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन हे दोन प्रतिस्पर्धी कन्सोल आठवड्याभराच्या अंतराने बाजारात आले. पहिल्याच्या ग्राफिक्स चिपची क्षमता १.८४ टेराफ्लॉप (गणनाच्या वेगाचे एकक) आणि दुसऱ्याची १.३१ टेराफ्लॉप, म्हणजे फरक सुमारे १.४ पटींचा होता. प्रत्यक्षात ‘कॉल ऑफ ड्यूटी: घोस्ट्स’ हा गेम प्लेस्टेशनवर १०८०पी आणि एक्सबॉक्सवर ७२०पी रेझोल्यूशनवर (चित्रात पिक्सेलच्या अनुक्रमे १०८० आणि ७२० ओळी) चालला, म्हणजे पिक्सेलच्या हिशेबात फरक २.२५ पटींचा झाला. पुढच्या पिढीत, २०२० साली, पारडे फिरले. एक्सबॉक्स सिरीज एक्सकडे १२.१५ आणि प्लेस्टेशन ५ कडे १०.२८ टेराफ्लॉप होते, तरीही दोन्हींवर निघालेल्या बहुतेक गेममध्ये डोळ्यांना फरक शोधावा लागला. एकच मापदंड एकदा फरक कमी दाखवतो आणि दुसऱ्यांदा जास्त दाखवतो. कन्सोलची ताकद हा एक आकडा नसून प्रत्येक फ्रेम (पडद्यावर उमटणारे एक चित्र) तयार होताना कोणता भाग सर्वांत आधी थकतो याचा तो शोध आहे, ही गोष्ट पुढील प्रत्येक पायरीवर लक्षात ठेवावी लागते.

पहिली पायरी: प्रश्न नेमका करा

‘कोणता कन्सोल जास्त शक्तिशाली?’ हा प्रश्न उत्तर देण्याजोगा नाही. एक्सबॉक्स वन एक्स (२०१७) आणि एक्सबॉक्स सिरीज एस (२०२०) ही एकाच कंपनीची यंत्रे घेऊ. पहिल्याकडे ६ टेराफ्लॉप आणि १२ जीबी मेमरी आहे, तर दुसऱ्याकडे ४ टेराफ्लॉप आणि १० जीबी. कागदावर जुने यंत्र वरचढ दिसते, आणि एका अर्थाने ते खरेही आहे, कारण वन एक्ससाठी खास सुधारलेले जुने गेम त्यावर अधिक रेझोल्यूशनने चालतात, तर सिरीज एसवर त्याच गेमची एक्सबॉक्स वन एससाठीची आवृत्ती चालते. पण सिरीज एसचा प्रोसेसर कित्येक पट वेगवान आहे, साठवणुकीला हार्ड डिस्कऐवजी एसएसडी आहे आणि रे ट्रेसिंगची (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून प्रकाश-छाया रंगवण्याची) सोय चिपमध्येच आहे, त्यामुळे नव्या पिढीसाठीच लिहिलेले गेम त्यावर चालतात आणि वन एक्सवर चालत नाहीत.

म्हणून तुलना सुरू करण्यापूर्वी चार गोष्टी लिहून काढाव्यात: मॉडेलचे पूर्ण नाव, गेम नव्या यंत्रासाठी लिहिलेला आहे की जुन्या पिढीचा गेम अनुकूलतेने चालतो आहे, यंत्र टीव्हीला जोडलेले आहे की हातात धरलेले, आणि आपल्याला रेझोल्यूशन, फ्रेमचा वेग की लोडिंगचा वेळ यांपैकी काय जाणून घ्यायचे आहे.

दुसरी पायरी: टेराफ्लॉप स्वतः काढा, आणि मग त्यांच्यावर शंका घ्या

टेराफ्लॉप म्हणजे ग्राफिक्स चिप एका सेकंदात किती लाख कोटी फ्लोटिंग पॉइंट क्रिया करू शकते, याची सैद्धांतिक कमाल मर्यादा. हा आकडा कोणीही कागदावर काढू शकतो. या दोन्ही कन्सोलच्या चिप एएमडी या कंपनीच्या आहेत; त्यांच्या एका कम्प्यूट युनिटमध्ये ६४ गणन घटक असतात आणि प्रत्येक घटक चिपच्या घड्याळाच्या (क्लॉकच्या) एका ठोक्याला गुणाकार व बेरीज अशा दोन क्रिया करतो. म्हणून युनिटची संख्या गुणिले ६४, गुणिले २, गुणिले क्लॉकचा वेग हे सूत्र वापरायचे. प्लेस्टेशन ५ मध्ये ३६ युनिट २.२३ गिगाहर्ट्झवर चालतात, त्यांचा गुणाकार १०.२८ येतो. सिरीज एक्समधील ५२ युनिट १.८२५ गिगाहर्ट्झवर चालतात, तेथे उत्तर १२.१५ येते. हे गणित एकदा स्वतः केले की एक गोष्ट आपोआप उलगडते: एका कंपनीने रुंद पण संथ चिप निवडली आणि दुसरीने अरुंद पण वेगवान.

या निवडीचा परिणाम टेराफ्लॉपमध्ये दिसत नाही. चिपमधील काही भाग युनिटच्या संख्येवर अवलंबून नसतात आणि केवळ क्लॉकच्या वेगाबरोबर पळतात. तयार पिक्सेल मेमरीत लिहिणारे ६४ घटक दोन्ही यंत्रांत आहेत, म्हणून पिक्सेल लिहिण्याची कमाल क्षमता प्लेस्टेशन ५ मध्ये सेकंदाला सुमारे १४३ अब्ज आणि सिरीज एक्समध्ये सुमारे ११७ अब्ज येते. म्हणजे गणिती क्रियांमध्ये एक यंत्र सुमारे १८ टक्के पुढे आणि पिक्सेल लिहिण्यात दुसरे सुमारे २२ टक्के पुढे. एखाद्या गेमचा ताण कोणत्या कामावर जास्त आहे त्यावर निकाल ठरतो, आणि दोन यंत्रे आलटून पालटून पुढे-मागे होताना का दिसली याचे निम्मे उत्तर येथे आहे.

वेगवेगळ्या रचनेच्या चिपचे टेराफ्लॉप शेजारी ठेवणे ही याहून मोठी चूक ठरते. एएमडीचीच दोन ग्राफिक्स कार्डे पाहा: आरएक्स व्हेगा ६४ ची क्षमता सुमारे १२.७ टेराफ्लॉप, तर नंतर आलेल्या आरएक्स ५७०० एक्सटीची सुमारे ९.७५. तरीही गेममध्ये दुसरे कार्ड पहिल्याच्या बरोबरीने किंवा थोडे पुढेच चालते, कारण नव्या रचनेत गणन घटक रिकामे बसण्याचे प्रमाण कमी झाले. एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांत एवढी तफावत असेल, तर एएमडी आणि तिची प्रतिस्पर्धी एनव्हिडिया यांच्या आकड्यांची सरळ तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

आणखी एक सापळा मोजणीच्या पद्धतीत आहे. २०२४ साली आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रोबद्दल ३३.५ टेराफ्लॉप हा आकडा फिरत होता. त्यात एका ठोक्याला दोन सूचना एकदम पार पाडण्याची सोय धरून दुप्पट केलेली होती. यंत्राचे रचनाकार मार्क सर्नी यांनी मूळ प्लेस्टेशन ५ शी तुलना करण्याजोगा आकडा १६.७ असल्याचे सांगितले, आणि अशा फुगवट्याला ‘फ्लॉपफ्लेशन’ असे मिस्कील नावही दिले. तेव्हा कोणताही आकडा स्वीकारण्यापूर्वी तो दोन्हीकडे एकाच सूत्राने काढला आहे का, हे तपासावे.

क्लॉकचा वेग स्थिर आहे की बदलता, हेही पाहून घ्यावे. सिरीज एक्समध्ये तो ठरलेला असतो. प्लेस्टेशन ५ मध्ये विजेचा वापर मर्यादेत ठेवून वेग कमी-जास्त होतो, मात्र तो खोलीच्या तापमानावर नव्हे तर गेमने दिलेल्या कामावर अवलंबून असतो, त्यामुळे एकच प्रसंग कोणत्याही दोन प्लेस्टेशन ५ वर सारखाच चालतो. ‘कमाल’ हा शब्द लिहिलेला असेल तेथे आपणही तो तसाच लिहावा.

तिसरी पायरी: मेमरीची रुंदी, वेग आणि जागा पाहा

माझ्या मते कन्सोलच्या तुलनेत सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत बोलका भाग मेमरीचा आहे. गणन घटक कितीही असले तरी त्यांना माहिती वेळेत पोहोचली नाही तर ते हात बांधून बसतात. बँडविड्थ (मेमरीतून सेकंदाला किती माहिती जाऊ-येऊ शकते) काढण्यासाठी बसची, म्हणजे मेमरी आणि चिप यांना जोडणाऱ्या तारांच्या वाटेची, रुंदी बिटमध्ये घ्यावी, तिला प्रत्येक तारेवरील गिगाबिटच्या वेगाने गुणावे आणि आठाने भागावे. प्लेस्टेशन ५ ची २५६ बिटची बस १४ गिगाबिटवर चालते, म्हणून सेकंदाला ४४८ जीबी मिळतात. सिरीज एक्सची ३२० बिटची बस त्याच वेगाने ५६० जीबी देते.

मात्र सिरीज एक्सच्या आकड्याला एक तळटीप आहे. त्यात दहा मेमरी चिप आहेत, त्यांपैकी सहा २ जीबीच्या आणि चार १ जीबीच्या. सर्व दहा चिपवर पसरलेल्या पहिल्या १० जीबीलाच ५६० चा वेग मिळतो. उरलेले ६ जीबी केवळ सहा चिपवर असल्याने त्यांची वाट १९२ बिटची होते आणि वेग ३३६ वर येतो. गेमला १३.५ जीबी मिळतात, म्हणजे काही माहिती संथ भागात ठेवावी लागते आणि कोणती ठेवायची हे गेम बनवणाऱ्याला ठरवावे लागते. प्लेस्टेशन ५ च्या १६ जीबीला सर्वत्र एकच वेग आहे. जाहिरातीत केवळ मोठा आकडा छापला जातो, म्हणून ‘हा वेग किती जीबीसाठी?’ असा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे परत जाता येईल. प्लेस्टेशन ४ मध्ये १७६ जीबी प्रति सेकंद देणारी जीडीडीआर५ मेमरी होती, तर एक्सबॉक्स वनमध्ये सुमारे ६८ जीबी देणारी डीडीआर३. ही उणीव भरून काढण्यासाठी एक्सबॉक्सच्या चिपमध्ये ३२ एमबीची अतिवेगवान ईएसरॅम दिली होती. त्या काळातील अनेक गेम प्रत्येक पिक्सेलसाठी रंग, पृष्ठभागाची दिशा, खोली अशी माहिती चार-पाच वेगळ्या पटलांवर आधी लिहीत आणि मग प्रकाशाचा हिशेब करीत. १०८०पीला सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट आणि अशी पाच पटले धरली तर सुमारे ४१.५ एमबी लागतात, आणि ते ३२ एमबीत मावत नाहीत. तेच गणित ९००पीला (१६०० गुणिले ९०० पिक्सेल) केले तर सुमारे २८.८ एमबी येतात, आणि ते मावतात. त्या पिढीत एक्सबॉक्स वनवर ९००पी हे रेझोल्यूशन एवढ्या वेळा का दिसले, हे या छोट्या गुणाकारातून जितके स्पष्ट होते तितके टेराफ्लॉपच्या कोणत्याही आलेखातून होत नाही.

मेमरीची जागा हा वेगळा प्रश्न आहे. वेग कमी पडला तर गेम मंदावतो किंवा रेझोल्यूशन खाली येते. जागा कमी पडली तर एखादी सोयच काढून टाकावी लागते. ‘बाल्डर्स गेट ३’ हा गेम प्लेस्टेशन ५ वर सप्टेंबर २०२३ मध्ये आला, पण सिरीज एसवर पडदा विभागून दोघांनी खेळण्याची सोय बसेना, म्हणून एक्सबॉक्सवर तो डिसेंबरमध्ये आला आणि तोही सिरीज एसवर त्या सोयीविना.

चौथी पायरी: प्रोसेसरचा हिशेब मिलिसेकंदांत करा

सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० साठी ३३.३ आणि १२० साठी ८.३. या मुदतीत प्रोसेसरला पात्रांच्या हालचाली, भौतिकी, शत्रूंचे निर्णय आणि ग्राफिक्स चिपला द्यायच्या आज्ञांची यादी हे सर्व उरकावे लागते. ग्राफिक्स चिपचे काम रेझोल्यूशन घटवून हलके करता येते. प्रोसेसरचे काम तसे हलके होत नाही, कारण पडदा लहान केला म्हणून गर्दीतील माणसे कमी होत नाहीत.

प्लेस्टेशन ४ प्रो हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्याच्या ग्राफिक्स चिपची क्षमता १.८४ वरून ४.२ टेराफ्लॉपवर गेली, पण प्रोसेसरचा वेग १.६ वरून केवळ २.१ गिगाहर्ट्झवर आला. परिणामी ३० फ्रेमचे बहुतेक मोठे गेम प्रोवर अधिक रेखीव दिसले, पण ३० फ्रेमचेच राहिले. ६० फ्रेमची सोय सर्रास मिळू लागली ती पुढच्या पिढीत, एएमडीच्या झेन २ रचनेच्या प्रोसेसरचे आठ गाभे (कोर) आल्यावर.

प्रोसेसरची तुलना करताना केवळ गिगाहर्ट्झ पाहू नये. हा मोह जुना आहे: सेगाच्या १६ बिट कन्सोलचा प्रोसेसर सुमारे ७.६७ मेगाहर्ट्झचा आणि सुपर निन्टेन्डोचा ३.५८ चा, म्हणून पहिला दुप्पट वेगवान असे सांगितले जाई. पण पहिल्याला सर्वांत साध्या सूचनेलाही चार ठोके लागत आणि दुसऱ्याला दोन, त्यामुळे खरा फरक त्याहून बराच कमी होता. एका ठोक्याला होणारे काम आणि गेमला प्रत्यक्ष मिळणाऱ्या गाभ्यांची संख्या या दोन गोष्टी वेगासोबत नोंदवाव्यात.

पाचवी पायरी: साठवणुकीचा वेग

येथे फार वेळ घालवण्याची गरज नाही. प्लेस्टेशन ५ ची एसएसडी सेकंदाला ५.५ जीबी आणि सिरीज एक्सची २.४ जीबी कच्ची माहिती वाचते. माहिती दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवलेली असेल तर दोन्हींचे परिणामी आकडे वाढतात. कागदोपत्री फरक दुपटीहून अधिक असला तरी लोडिंगचा वेळ बहुतेक वेळा तेवढ्या प्रमाणात घटत नाही, कारण माहिती वाचून झाल्यावर तिच्यातून गेमचे दृश्य उभे करण्याचे बरेचसे काम प्रोसेसरवर पडते. त्यामुळे एकाच गेमची एकच आवृत्ती, एकच जतन केलेली जागा आणि निदान पाच वेळा मोजलेला वेळ, एवढीच पद्धत येथे विश्वासार्ह आहे.

सहावी पायरी: चाचणीची मांडणी समान करा

कागदी काम संपले की यंत्रे चालू करावीत. गेमची आवृत्ती दोन्हीकडे तीच आहे का, हे प्रथम पाहावे, कारण एका सुधारणेने निकाल उलटल्याची उदाहरणे कमी नाहीत. दोन्ही यंत्रांच्या सिस्टिम सॉफ्टवेअरची आवृत्ती नोंदवावी, आउटपुट ४के आणि १२० हर्ट्झवर ठेवावा, आणि मोजणी चालू असताना व्हीआरआर (पडद्याचा ताजा होण्याचा वेग फ्रेमनुसार बदलण्याची सोय) बंद करावे. व्हीआरआर खेळणाऱ्यासाठी वरदान आहे, पण पडद्याने फ्रेमच्या वेगाशी जुळवून घेतले की अडखळणे झाकले जाते आणि आपण डोळ्यांवर भरवसा ठेवू लागतो.

‘परफॉर्मन्स’ आणि ‘क्वालिटी’ या नावांवरही विसंबू नये. एकाच नावाच्या मोडमध्ये दोन कन्सोलवर सावल्यांचा दर्जा, गवताची दाटी किंवा रे ट्रेसिंगची व्याप्ती वेगळी असू शकते. स्थिर दृश्याचे चित्र घेऊन या बाबी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय फ्रेमच्या आकड्याला किंमत नाही. प्रसंग निवडताना गेमच्या इंजिनमध्येच चालणारे पटकथादृश्य (कटसीन) घ्यावे, म्हणजे दोन्हीकडे कॅमेरा एकाच मार्गाने जातो. त्यानंतर गर्दीचा एक आणि स्फोट-धुराचा एक असे दोन खेळते प्रसंग घ्यावेत: पहिला प्रोसेसरला घाम फोडतो, दुसरा ग्राफिक्स चिप आणि बँडविड्थला.

सातवी पायरी: खरे रेझोल्यूशन मोजा

खोक्यावर ४के (पिक्सेलच्या २१६० ओळी) लिहिलेले असले तरी चित्र बहुतेक वेळा त्याहून कमी पिक्सेलवर रंगवून मोठे केलेले असते. मोजण्याची पद्धत सोपी आहे, चिकाटी मात्र लागते. कॅप्चर कार्डने (कन्सोलचे चित्र संगणकावर नोंदवणाऱ्या उपकरणाने) घेतलेले, कमीत कमी दाबलेले ४के चित्र उघडावे आणि जवळजवळ आडवी पण किंचित तिरकी अशी एखादी कड शोधावी. ती मोठी करून पाहिली की करवतीसारखे दाते दिसतात; प्रत्येक दाता म्हणजे मुळात रंगवलेली पिक्सेलची एक ओळ. आउटपुटच्या ४० ओळींच्या उंचीत ३० दाते आले तर मूळ उंची ३० भागिले ४० गुणिले २१६०, म्हणजे १६२० ओळी. जवळजवळ उभी कड घेतली तर याच रीतीने रुंदी मिळते.

रेझोल्यूशन दृश्यागणिक बदलत असल्याने एका चित्रावर निष्कर्ष काढू नये. वीस-पंचवीस चित्रांतील किमान, कमाल आणि वारंवार येणारी किंमत नोंदवावी. डीएलएसएस, एफएसआर किंवा पीएसएसआर यांसारखी प्रतिमा मोठी करण्याची तंत्रे मागील फ्रेममधील माहिती मिसळून कडा गुळगुळीत करतात, तेव्हा दातेच दिसत नाहीत. अशा वेळी दृश्य अचानक बदलल्यानंतरची पहिली फ्रेम पकडावी. मागील फ्रेम निरुपयोगी ठरलेली असल्याने त्या एका क्षणी मूळ रेझोल्यूशन उघडे पडते.

आठवी पायरी: सरासरी नव्हे, फ्रेमचा कालावधी

एका सेकंदात ५५ फ्रेम आल्या असे समजा. पहिल्या यंत्रावर ५० फ्रेम १६.७ मिलिसेकंदांच्या आणि मधूनमधून ५ फ्रेम ३३.३ च्या असतील, तर खेळताना किंचित थरथर जाणवेल. दुसऱ्यावर ५४ फ्रेम १६.७ च्या आणि एकच फ्रेम १०० मिलिसेकंदांची असेल, तर तोही हिशेब एका सेकंदात ५५ फ्रेमचाच होतो, पण त्या एका फ्रेममध्ये नेम चुकतो. म्हणून सरासरीसोबत सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा कालावधी आणि सर्वांत लांब फ्रेम या दोन्ही नोंदी ठेवाव्यात.

याउलट दोन्ही यंत्रे ६० वर ठाम असतील तर त्यांची ताकद समान आहे असेही सिद्ध होत नाही. एकाने फ्रेम १० मिलिसेकंदांत संपवून उरलेला वेळ वाट पाहिली असेल आणि दुसऱ्याने ती १६ व्या मिलिसेकंदाला कशीबशी गाठली असेल. गेममध्ये फ्रेमची मर्यादा काढण्याची सोय असेल तर ती जरूर वापरावी.

नववी पायरी: निष्कर्ष अरुंद लिहा

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. जून २०२५ मध्ये आलेला निन्टेन्डो स्विच २ आणि सिरीज एस यांची तुलना करायची आहे. डॉकमध्ये (टीव्हीला जोडणाऱ्या तळात) स्विच २ ची क्षमता सुमारे ३.१ टेराफ्लॉप आणि हातात धरल्यावर सुमारे १.७, सिरीज एसची ४. रचना वेगळ्या (एकीची एनव्हिडियाची, दुसरीची एएमडीची) असल्याने हा आकडा येथेच सोडावा. बँडविड्थ १०२ विरुद्ध २२४ जीबी, म्हणजे सिरीज एस दुपटीहून पुढे. गेमसाठीची मेमरी सुमारे ९ विरुद्ध ८ जीबी, म्हणजे स्विच २ थोडा पुढे. प्रतिमा वाढवण्यासाठी स्विच २ कडे डीएलएसएस आहे, ज्याच्या तोडीचे खास हार्डवेअर सिरीज एसकडे नाही. प्रोसेसरचे आठही गाभे स्विच २ मध्ये सुमारे १ गिगाहर्ट्झवर चालतात आणि गंमत म्हणजे हातात धरल्यावर त्यांचा वेग डॉकपेक्षा थोडा जास्त असतो. सिरीज एसमध्ये ते साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात.

यावरून चाचणीपूर्वीच अंदाज मांडता येतो: स्थिर दृश्यात स्विच २ चे चित्र सिरीज एसच्या जवळ जावे किंवा काही वेळा अधिक स्वच्छ दिसावे, पण गर्दीच्या प्रसंगात फ्रेमचा वेग मागे पडावा. ‘सायबरपंक २०७७’ मध्ये सिरीज एसवर २०२२ पासून ६० फ्रेमचा मोड आहे, तर स्विच २ वरील वेगवान मोडचे लक्ष्य ४० फ्रेमचे आहे. मात्र एवढ्यावरून दोष प्रोसेसरवर ढकलू नये. स्विच २ च्या डॉक आणि हातातील अशा दोन्ही स्थितींत गेममधील एकाच गर्दीच्या बाजारपेठेतून एकाच मार्गाने फिरून पाहावे. दोन्हीकडे ग्राफिक्सचे ओझे आणि क्षमता वेगवेगळी आहे, प्रोसेसर मात्र जवळपास तोच आहे. फ्रेम दोन्ही स्थितींत एकाच ठिकाणी आणि सारख्याच प्रमाणात गळत असतील तर अडसर प्रोसेसरचा आहे, एकाच स्थितीत गळत असतील तर तो ग्राफिक्स चिपचा किंवा बँडविड्थचा आहे. मग निष्कर्षाचे वाक्य असे लिहिता येते: या गेमच्या या आवृत्तीत, या मोडमध्ये, गर्दीच्या प्रसंगी अमुक यंत्र इतके मिलिसेकंद मागे पडते आणि त्याचे कारण अमुक भागात आहे.